आठ निळ्या डब्यांचा संच: डबे छान, पण गाडी तुम्हालाच लावावी लागेल

मॉडेल रेल्वेगाडीच्या डब्यांचा हा संच घ्या. मी गेल्या वर्षी घेतला, दोन चवथी (गणेशचतुर्थी) त्याच्यावर काढल्या आणि डबे अजून ठणठणीत आहेत. फक्त खोक्यावरचं चित्र बघून गाडी जोडू नका. त्या चित्रात इंजिनाला लागून पँट्री आहे, तिच्यामागे टू टायर, मग जनरल, मग तीन स्लीपर, त्यांच्यात घुसवलेला एसएलआर (सामानाचा आणि गार्डचा डबा) आणि सगळ्यात शेवटी थ्री टायर. बत्तीस वर्षांच्या नोकरीत अशी गाडी सुटताना मी पाहिली नाही.

मी रेल्वेत ट्रेन लायटिंगला होतो. १९८९ साली हुबळीला लागलो, पुढे गोव्यात वास्कोला बदली झाली आणि २०२१ साली इथूनच निवृत्त झालो. आमच्या खात्याला सगळे टीएल म्हणायचे. पंखे, दिवे, बॅटऱ्या, डब्याच्या पोटाखाली टांगलेला आल्टरनेटर आणि त्याचे पट्टे, हे आमचं काम. प्रवासी डब्याला आतून ओळखतो, मी त्याला खालून ओळखतो. त्यामुळे हा अभिप्राय जरा लांबणार आहे, पण ज्यांना गाडी खरीखुरी दिसायला हवी त्यांना उपयोगी पडेल.

संच एचओ मापाचा, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग. डबे आयसीएफ पद्धतीचे (चेन्नईच्या कारखान्याचे जुन्या धाटणीचे), गडद निळे, खिडक्यांच्या ओळीवर फिकट निळा पट्टा. तीन स्लीपर, एक जनरल, एक पँट्री, एक थ्री टायर, एक टू टायर आणि एक एसएलआर. कुरिअर धरून साडेबावीस हजारांना पडला. इंजिन वेगळं घ्यायचं. खऱ्या आयसीएफ डब्याची लांबी बफरसकट २२.२९७ मीटर असते. तिला ८७ ने भागलं की २५.६ सेंटिमीटर येतात. पट्टी लावली तर साडेपंचवीस भरले. इतकं जवळ आलं की मी पट्टी ठेवून दिली. खिडक्यांचे गज, टपावरचे हवेचे झरोके, दारातले दांडे, सगळं नीट कोरलेलं आहे. एसी डब्यांच्या टपावर दोन्ही टोकांना यंत्रांचे चौकोनी उंचवटे आहेत, ते जिथे असायला हवेत तिथेच. पँट्रीच्या जाळ्यासुद्धा वेगळ्या केल्या आहेत. हे काम करणाऱ्याने डबा जवळून पाहिलेला आहे, यात शंका नाही. म्हणूनच खोक्यावरचं चित्र जास्त लागलं.

रुळांची एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे नवीन माणूस घाबरणार नाही. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर रुंद. ८७ ने भागलं तर १९.३ मिलिमीटर यायला हवेत. पण एचओचा रूळ साडेसोळा मिलिमीटरचाच मिळतो, कारण ते माप युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजवरून आलेलं आहे. त्यामुळे आपला डबा समोरून बघितला की पाय जवळ घेऊन उभा राहिल्यासारखा वाटतो. हा या संचाचा दोष नाही. गाडी आपण फलाटावरून, म्हणजे बाजूने बघतो, आणि बाजूने ते कळत नाही.

आता चवथीची हकिगत. पहिल्या वर्षी मखरासमोर टेबल लावून लंबगोल रूळ मांडला. मी माटोळी (मखरावर टांगायची फळांची आरास) बांधण्यात अडकलो होतो, म्हणून डबे नातवाने जोडले, खोक्यावरचं चित्र समोर ठेवून. आरती झाली, गाडी सुरू केली आणि पहिल्याच वळणावर पँट्री आतल्या बाजूला कलंडली. उचलून ठेवली, पुन्हा कलंडली. तेवढ्यात माझे एक जुने सहकारी दर्शनाला आले होते, कॅरेज अँड वॅगनचे, म्हणजे डब्यांच्या देखभालीच्या खात्यातले. नेवरी (करंजी) हातात घेऊन ते टेबलावर वाकले आणि म्हणाले, "बाब, पँट्री इंजिनाला कोणी लावली? आणि हा एसएलआर मध्येच कसा? सिक लाइनीतून काढून घाईत जोडल्यासारखा दिसतो." (सिक लाइन म्हणजे नादुरुस्त डबे ठेवायचा रूळ.)

नातू नऊ वर्षांचा आहे. त्याने विचारलं, "आबा, डबे कुठेही लावले तर काय बिघडतं?"

या प्रश्नाचं उत्तर संचासोबतच्या पत्रकात असायला हवं होतं. पत्रकात चाकांना तेल कुठे घालायचं ते आहे, डब्यांच्या क्रमाबद्दल एक ओळ नाही. म्हणून त्याला सांगितलं ते इथे लिहितो.

गाडी टोकांपासून लावायची. दोन्ही टोकांना एसएलआर. या डब्यात सामानाची खोली असते, गार्डची जागा असते (२०२२ पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात) आणि थोडी प्रवाशांची आसनं. त्यातही तो कसाही फिरवून चालत नाही. सामानाची बाजू बाहेर, म्हणजे इंजिनाकडे किंवा गाडीच्या शेपटाकडे, आणि माणसं बसतात ती बाजू आत. धडक झाली तर पहिला तडाखा सामानाच्या खोलीने घ्यावा, माणसांनी नव्हे, एवढं साधं कारण. या संचातल्या एसएलआरला सामानाची रुंद दारं व्यवस्थित दाखवली आहेत, त्यामुळे कुठली बाजू कुठे करायची ते लगेच समजतं. खोक्यावरच्या चित्रात मात्र तो दोन स्लीपरांच्या मध्ये उभा आहे.

दोन एसएलआर का लागतात, हे वास्कोला उभं राहिलं की डोळ्यांनी दिसतं. वास्को हे प्रवासी गाड्यांचं शेवटचं स्टेशन. आलेली गाडी वळवून ठेवत नाहीत. इंजिन सुटतं, परत निघताना दुसऱ्या टोकाला लागतं आणि डबे आपल्या जागी तसेच राहतात. काल जे शेपूट होतं ते आज तोंड होतं. त्यामुळे दोन्ही टोकं सारखीच तयार असावी लागतात. घरातल्या लंबगोल रुळावर गाडी कधीच उलटी फिरत नाही, म्हणून कंपनीला एक एसएलआर पुरेसा वाटला असावा. पण रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांची रांग, एका टोकाला बंद आणि दुसऱ्या टोकाला उघडा, हे बघवत नाही. आठ डब्यांत दुसरा एसएलआर न देणं ही या संचाची सगळ्यात मोठी उणीव आहे. तिसरा स्लीपर काढून दुसरा एसएलआर दिला असता तरी मी आनंदाने घेतला असता.

एसएलआरला लागून जनरल. खऱ्या गाडीत दोन्ही टोकांना जनरल डबे वाटलेले असतात, कारण बिनआरक्षणाची गर्दी फलाटाच्या दोन टोकांना विभागली जाते आणि आरक्षित डब्यांमधून ती ये-जा करत नाही. संचात जनरल एकच आहे, तो इंजिनाच्या बाजूच्या एसएलआरमागे लावा. मग स्लीपर, सलग. स्लीपर संपले की पँट्री, आणि पँट्रीच्या पलीकडे एसी डबे एकमेकांना लागून, आधी थ्री टायर, मग टू टायर. पँट्री मध्ये असते ती चालणाऱ्या माणसांसाठी. चहाची किटली घेऊन एक माणूस स्लीपरकडे निघतो, दुसरा जेवणाच्या ताटल्या घेऊन एसीकडे. ती इंजिनाला लावली तर तिच्या एका बाजूला जायला माणूसच नाही, आणि शेवटच्या डब्यापर्यंत चहा पोचेतो थंड. एसी डबे कुठल्या टोकाकडे, ते गाडीगणिक वेगळं असतं. त्याचा आग्रह धरू नका. ते एकत्र असावेत, एवढा आग्रह धरा.

ही झाली प्रवाशांची बाजू. टीएलवाल्याची बाजू वेगळी होती. आयसीएफ डबा आपली वीज आपणच करतो. चाकांच्या आसावरून पट्टा आल्टरनेटरला जातो, गाडी धावते तशी ११० व्होल्टची वीज तयार होते आणि बॅटऱ्या भरतात. डब्यावर डब्ल्यूजीएससीएन असं लिहिलेलं असतं, त्यातला जी याच गोष्टीची खूण. पट्टा तुटला की डबा बॅटरीवर येतो, आणि बॅटरी उतरली की अंधार. अशा वेळी डब्याच्या टोकाला जी जोडणीची टोकं असतात तिथून शेजारच्या डब्याची वीज घ्यायची. कुळ्यातून वर घाटात चढणाऱ्या गाडीत पावसाळ्याच्या रात्री मी हे केलेलं आहे. बाहेर काळोख, पाऊस, दरीतून पाण्याचा आवाज, आणि एका स्लीपरमध्ये बहात्तर माणसं अंधारात बसलेली. शेजारच्या डब्यावरून तार ओढली आणि दिवे लागले, तेव्हा आतून एकदम जो आवाज आला तो मला अजून ऐकू येतो. तेव्हापासून माझ्या डोक्यात डबा एकटा नसतोच. त्याला दोन शेजारी असतात, आणि अडचणीत तेच उपयोगी पडतात. नातवाला हे सांगितलं तेव्हा त्याने पँट्री स्वतःच्या हाताने काढून थ्री टायरच्या शेजारी नेली.

गाडीची लांबी हा पुढचा प्रश्न. बावीस डब्यांची गाडी या मापात ५.६ मीटर होते, इंजिन वेगळं. माझा लंबगोल चोवीस इंच त्रिज्येचा, मधल्या सरळ रेषा दीड-दीड मीटरच्या, सगळा मिळून पावणेसात मीटर. पूर्ण गाडी लावली तर इंजिन मागच्या एसएलआरला जवळजवळ गाठेल आणि गाडी कुठून कुठे चालली आहे ते कळणारच नाही. म्हणून गाडी आखूड करावी लागते, आणि यातच खरी पारख आहे. बावीस डब्यांच्या निळ्या गाडीत साधारण दहा-बारा स्लीपर असायचे, तीन-चार थ्री टायर, एक-दोन टू टायर, एक पँट्री, तीन-चार जनरल आणि टोकांचे दोन एसएलआर. डबे कमी करताना हे प्रमाण डोळ्यांना जाणवलं पाहिजे. स्लीपर सगळ्यात जास्त, एसी त्याहून कमी. माझी नऊ डब्यांची गाडी अशी: एसएलआर, जनरल, स्लीपर, स्लीपर, स्लीपर, पँट्री, थ्री टायर, टू टायर, एसएलआर. इंजिन धरून अडीच मीटर. चवथीला येणारी माणसं ती बघतात आणि कुणीही डबे मोजत नाही. पूर्ण गाडी गेली असंच वाटतं.

ज्यांच्याकडे जागा याहून कमी आहे त्यांनी आधी टू टायर काढावा, मग पँट्री. एसएलआर, जनरल, दोन स्लीपर, एक थ्री टायर, एसएलआर, अशी सहा डब्यांची गाडी खरी वाटते, कारण पँट्री नसलेल्या गाड्याही धावतात. पण स्लीपर एकावर आणून दोन्ही एसी ठेवू नका. एसी डबे दिसायला बरे वाटतात म्हणून लोक तसं करतात, आणि मग ती आपली नेहमीची गाडी राहत नाही.

आता जिथे मी कंपनीवर नाराज आहे ते दोन मुद्दे.

पहिला, डब्यांचे क्रमांक. तिन्ही स्लीपरांवर एकच क्रमांक छापला आहे, ९८४१२. एका गाडीत एकाच क्रमांकाचे तीन डबे असूच शकत नाहीत. त्यातून हा क्रमांक स्लीपरचा नाहीच. पाच आकड्यांतले पहिले दोन डबा बांधल्याचं वर्ष सांगतात, पुढचे तीन डब्याची जात. स्लीपर दोनशे-तीनशेच्या घरात येतात, चारशे-पाचशे हे जनरलचं घर. एसएलआर सातशेत, पँट्री आठशेत, टू टायर पन्नास ते शंभर आणि थ्री टायर शंभर ते दीडशे. यार्डात नुसता क्रमांक पुकारला की कुठला डबा ते आम्हाला न बघता कळायचं. हे छापायला कंपनीला एक पैसाही जास्त पडला नसता. मी पाण्यात भिजवून सरकवायचे आकडे आणले, भिंगाखाली चिमट्याने जुने खरवडून तिन्ही स्लीपरांना वेगवेगळे क्रमांक दिले. त्यातला एक क्रमांक मी स्वतः बऱ्याचदा तपासलेल्या डब्याचा आहे. डोळे चांगले असतील तर दोन संध्याकाळी पुरतात.

दुसरा मुद्दा डब्यांच्या पोटाचा. आठही डब्यांना खाली एकच साचा लावला आहे, एक आल्टरनेटर आणि दोन लहान बॅटरीपेट्या. स्लीपरला आणि जनरलला ते शोभतं. साध्या डब्याचा आल्टरनेटर साडेचार किलोवॅटचा असतो. पण एसी डब्याला पंचवीस-पंचवीस किलोवॅटचे दोन लागतात आणि खालच्या बॅटऱ्यांच्या पेट्याही भल्यामोठ्या असतात. एसी डब्याखाली वाकलं की मोकळी जागा फार दिसत नाही. इथे थ्री टायरच्या पोटाखालून पलीकडची भिंत दिसते. टेबलाच्या उंचीवर बसून बघणाऱ्या मुलाला हे सगळ्यात आधी दिसतं, कारण त्याचे डोळे नेमके त्या उंचीवर असतात. मी जुन्या पेनांच्या नळ्या कापून दुसरा आल्टरनेटर केला आणि जाड पुठ्ठ्याच्या पेट्या करून काळा रंग दिला. टप इतका मन लावून करणाऱ्यांनी पोट असं सोडून द्यावं, याचं वाईट वाटतं. त्यांना तसं कळवलंही आहे.

पँट्री का कलंडत होती, तेही शोधलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक डबा तोलला. थ्री टायर १३४ ग्रॅम, स्लीपर १२८, एसएलआर १०४ आणि पँट्री अवघी ९६, कारण तिच्यात बाकं नाहीत, आत नुसती पोकळी. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने एचओसाठी सांगितलेलं वजन आहे एक औंस, आणि वर डब्याच्या दर इंचाला अर्धा औंस. आपला डबा दहा इंचांचा, म्हणजे सहा औंस, १७० ग्रॅम. सगळेच डबे हलके आहेत, पण सगळ्यात हलका डबा इंजिनामागे आणि जड डबे त्याच्या मागे, हे वळणावर घातकच. पुढून इंजिन ओढतं, मागून सात डब्यांचा भार धरून ठेवतो, आणि मधला हलका डबा दोरी ताणल्यासारखा वळणाच्या आत खेचला जातो. खोक्यावरचा क्रम दिसायला चुकीचा होताच, चालवायलाही चुकीचा निघाला.

उपाय स्वस्त आहे. इथल्या खारीवाड्यावर मासेमारीच्या जाळ्यांना लावायचे शिशाचे मणी मिळतात. ते विकत आणले, चपटे केले आणि डब्याच्या तळाशी, दोन्ही बोगींच्या (चाकांच्या सांगाड्यांच्या) मधोमध, चिकटपट्टीने बसवले. वजन खाली ठेवायचं, टपाकडे चढवायचं नाही. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा आणि मुलांना ते काम देऊ नका. आता प्रत्येक डबा १६५ ते १७० ग्रॅमचा आहे आणि दुसऱ्या चवथीला पाच दिवसांत एकही डबा रुळावरून उतरला नाही. एकदा माटोळीतली ओली सुपारी सुटून रुळावर पडली होती, तेवढाच अडथळा.

डब्यांमधली फट हाही क्रमाइतकाच महत्त्वाचा विषय आहे, कारण फट मोठी असली की बरोबर लावलेली गाडीही सुट्या डब्यांची रांग दिसते. खऱ्या आयसीएफमध्ये दोन डब्यांच्या अंगांमध्ये ९६ सेंटिमीटर राहतात, या मापात ११ मिलिमीटर. संचातल्या कड्यांनी १९ मिलिमीटरची फट पडते, म्हणजे खऱ्यात दीड मीटरहून जास्त. एवढ्या अंतरावरून पँट्रीचा माणूस किटली घेऊन पलीकडे जाऊच शकणार नाही. मी केडी कंपनीचे आखूड दांड्याचे कपलर, म्हणजे डबे जोडायच्या कड्या, लावले. कपलरची पेटी प्रमाणित मापाची असल्याने काहीही कापावं लागलं नाही, हे कंपनीचं श्रेय. आता फट १३ मिलिमीटर आहे आणि चोवीस इंचांच्या वळणावर कोपरे घासत नाहीत. पत्रकात अठरा इंचांचं वळण चालेल असं म्हटलं आहे. गाडी जाते खरी, पण डब्याचा मधला भाग वळणाच्या आत इतका लोंबतो की शेजारच्या रुळावरच्या गाडीला लागेल. चोवीसच्या खाली जाऊ नका.

चाकं धातूची आहेत, गोल आहेत, हलत-डुलत नाहीत. वास्कोच्या दमट हवेत श्रावण-भाद्रपदात रुळांवर काळा थर धरतो, तो स्पिरिटच्या फडक्याने पुसावा लागतो. त्यात संचाचा काही दोष नाही.

विकणाऱ्याच्या पानावर या संचासोबत लाल एलएचबी (आयसीएफनंतर आलेल्या नव्या पद्धतीचा) थ्री टायर घ्यायची शिफारस दिसते. ती मानू नका. एलएचबी डबा २४ मीटरचा, या मापात साडेसत्तावीस सेंटिमीटर. निळ्यांच्या रांगेत तो दोन सेंटिमीटरने जास्त लांब आणि वेगळ्या उंचीच्या खिडक्यांचा दिसतो. खऱ्या गाडीत त्याचा कपलर वेगळा, ब्रेक वेगळे. आणि विजेचं तर सगळंच वेगळं. त्याच्या पोटाखाली आल्टरनेटर नसतो, टोकाच्या जनरेटर डब्यातून किंवा इंजिनातून ७५० व्होल्टची वीज केबलने सगळ्या गाडीभर फिरते. शेजाऱ्याकडून तार ओढून दिवे लावायची आमची पद्धत त्या गाडीत नाही. मडगावच्या कोकणकन्येला आणि मांडवीला २०१९ साली एलएचबी डबे आले. चेन्नईच्या कारखान्यातून आयसीएफ पद्धतीचा शेवटचा डबा त्याआधी, २०१८ च्या जानेवारीत बाहेर पडला होता. लाल गाडी करायची असेल तर पूर्ण लाल करा, दोन्ही टोकांना तिचे स्वतःचे डबे लावून. निळी करायची तर पूर्ण निळी.

दुसरा एसएलआर मी नंतर सुटा मागवला, अडीच हजारांना. आला तो वेगळ्या खेपेतला. फिकट पट्टा एक छटा हिरवट. दिवसा लक्षात येत नाही, मखराच्या दिव्यांत येतो. परत पाठवायला विचारलं तर रंगातला असा फरक तक्रारीत धरत नाहीत, असं उत्तर आलं. शेवटी मी तो गाडीच्या शेपटाला लावला आणि जुना इंजिनामागे, म्हणजे दोन्ही एसएलआर एकदम नजरेत येत नाहीत. तुम्ही घेणार असाल तर पैसे भरतानाच एक एसएलआर जास्त सांगा आणि दोन्ही एकाच खेपेतले पाठवा, असं लिहून द्या.

शेवटच्या डब्याच्या पाठीला लावायची एलव्हीची (लास्ट व्हेईकल, शेवटचा डबा) पाटी संचात नाही. ती नसेल तर स्टेशनवरच्या माणसाला गाडी पूर्ण आली की मागे काही डबे सुटून राहिले, हे कळणार कसं? मी पोस्टकार्डाच्या कागदाची चार मिलिमीटरची पाटी कापली, पिवळी रंगवली, नातवाने बारीक पेनाने काळी अक्षरं काढली आणि त्यानेच ती मागच्या एसएलआरच्या दाराशेजारी चिकटवली. यंदा ते कॅरेज अँड वॅगनचे सहकारी पुन्हा आले होते. गाडी तीनदा समोरून जाऊ दिली, मग नातवाला म्हणाले, "हां, आता सोड गाडी."